आतून येणारा आवाज

त्या दुपारी बाबांनी पाव, टोमॅटो आणि केपर्सच्या खारवलेल्या कळ्या खाल्ल्या, मिशा पुसल्या आणि ते कानाव्यात शिरले. ज्वालामुखीच्या घट्ट झालेल्या राखेत कोरलेली ही आमची वाइनची गुहा. मी नेहमीसारखी दारात उभी राहिले.

द्राक्षांचा रस फसफसू लागला की त्यातून घातक हवा निघते आणि पाण्यासारखी जमिनीलगत साचते. म्हणून आत जाणारा मेणबत्ती गुडघ्याजवळ धरतो. ज्योत विझली की उलट्या पावली बाहेर. शिवाय त्याने सारखं बोलत राहायचं आणि बाहेरच्याने ऐकत.

"मारूसो, ऐकतेस ना?"

"ऐकतेय, बाबा."

"शेजारच्या फ्रांगेस्कोसची वाइन यंदाही व्हिनेगर होणार बघ. त्याचं गाढवसुद्धा तोंड लावत नाही!"

मग काठीचा डुबुक डुबुक आवाज. टाकीत वर येणारा सालांचा थर रोज दोनदा खाली ढकलावा लागतो. आवाज थांबला. माझी बोटं दाराच्या कडीवर आवळली.

"बाबा?"

"मेलो की सांगेन तुला. श्वास तरी घेऊ दे!"

ते हसत बाहेर आले. कपाळावर घाम होता, ओठ जरा निळसर. मी पाण्याचा पेला पुढे केला. पुरे करा म्हणायचं होतं, ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मला न उठवता गेले. फ्रांगेस्कोसकाकांना ते टाकीशेजारी पडलेले सापडले. मेणबत्ती वरच्या कोनाड्यात होती, अजून जळत. काठीला दोन्ही हात लागतात, म्हणून ती वर ठेवली असणार. काठी पायाशी पडली होती. ती उचलायला ते वाकले असतील, असं काका म्हणाले.

दफन झालं. घरात बायका कॉफी करत होत्या. टाकीतली सालं मात्र वर येऊन सुकत चालली होती. आणखी एक दिवस गेला असता, तर बाबांची शेवटची वाइन आंबून गेली असती.

"मी जातो," काका म्हणाले.

"तुमचा गुडघा वाकत नाही. तुम्ही दारात थांबा."

मेणबत्ती मी टाकीशेजारच्या बुटक्या दगडावर ठेवली. ज्योत थरथरली, पण तगली. काठी उचलली. वास नाकात चढला, कानात माझंच काळीज वाजू लागलं. सालांचा थर जड होता. मी जोर लावला.

"बोल गं पोरी!" काका दारातून ओरडले. त्यांचा आवाज चिरकला. "काहीही बोल, पण गप्प राहू नकोस!"

काय बोलू? काकांच्या गाढवाचा विनोद मला जमला नसता. ज्योतीवर नजर ठेवून मी काठी पुन्हा खाली दाबली.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "पुरे झालं आता. मला भीती वाटते. राहू दे ती वाइन. बाहेर या."