दोन मिनिटांनी हरलेला रोबो

मित्रांनो, मी एक जुना रोबो आहे. जुना म्हणजे जेमतेम दोन वर्षांचा, पण शाळेच्या लोखंडी कपाटात कोंडून ठेवल्यावर दोन वर्षंसुद्धा लई होतात हो! पुढं नकाशांच्या गुंडाळ्या, मागं पत्रा. हात हलवायला जागा नाही. जीव नुसता गुदमरतो.

माजलगावजवळच्या एका खेड्यात, आठवीतल्या करिष्मानं मला घडवलं. भंगारातल्या जीपच्या वायपरच्या मोटारी तिनं माझ्या चाकांना जोडल्या. त्यामुळे मी संथ. पोरं म्हणायची, "हे तर नवरदेवाचं घोडं!" म्हणू द्यात. माझ्या हातून ठोकळा कधी सुटला नाही.

जिल्ह्याच्या स्पर्धेत सहा ठोकळे उचलून चौथऱ्यावर ठेवायचे होते. वेळ पाच मिनिटं. करिष्मानं सगळा हिशेब त्यावरच बसवला होता, आणि सरावात मला रोज जमायचं. जिंकणाऱ्यांना राज्य स्पर्धेपर्यंत बीडच्या वसतिगृहात ठेवणार होते. तिची आई मंजुळाबाई ऊसतोडीला निघाली होती. ती म्हणाली, "निवड झाली तर ऱ्हा बाई. न्हाई झाली तर चल, धाकट्याला कोण सांभाळंल?"

स्पर्धेच्या दिवशी पाहुणे दुपारी उगवले. मग हार, शाली, फेटे, भाषणं! ऊन कललं तेव्हा संयोजक माईकवर म्हणाले, "येळ कमी हाय. आता तीनच मिनिटांचा डाव."

"सर, असं कावून? पत्रात तर पाच लिवलंय!" करिष्मा आमच्या शाळेच्या भागवत सरांना म्हणाली.

"गप ऱ्हा पोरी. पाहुण्यांना पुढं लग्नाला जायचंय," सर म्हणाले.

शहरातल्या शाळेचा विकत आणलेला रोबो सुसाट सुटला. चार ठोकळे ठेवले अन् वळताना धाडकन उलटा पडला. पुन्हा उठलाच नाही. मी तीन ठेवले. चौथा माझ्या हातात होता, चौथरा वीतभर पुढं, आणि शिट्टी झाली! चाराला तीन, निवड त्यांची झाली. असा संताप आला म्हणून सांगू! लोकांनी मात्र "खेड्यातली पोर असून भारीच की" म्हणत टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या काय चाटायच्या?

आईबरोबर ऊसतोडीला निघताना करिष्मा सरांना म्हणाली, "सर, याला कोंडू नका. पोरांना चालवू द्या." सरांनी चोरीच्या भीतीनं मला कुलपात टाकलं. उन्हाळ्यात ऊसतोडीची टोळी गावात परतली, पण वर्गातून तिचा आवाज पुन्हा ऐकू आला नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही स्पर्धा भरवाल. सत्कार खुशाल करा, पण डाव संपल्यावर. कबूल केलेली वेळ ऐन वेळी कापू नका. मला बाहेर काढायला निदान किल्ली तरी लागते. करिष्माला शाळेत थांबवायला फक्त दोन मिनिटं लागत होती.