चार बोटं कमी

मी एक जुनी काठी आहे. मित्रांनो, तुम्ही बसा. मला बसता येत नाही. काठीच्या जन्माला आलं की हातात असेपर्यंत उभं राहायचं, नंतर भिंतीला टेकायचं, आणि घसरून आडवं पडलं की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या शिव्या खायच्या. चाळीस वर्षं हेच चाललंय. अंग आंबून गेलंय. तरी सांगायचं ते सांगून टाकते, कारण दुसरं कुणी माझ्याबद्दल नीट सांगेल याचा मला भरवसा नाही.

माझं लाकूड तलावामागच्या टेकडीवरचं. तिथे वारा इतका, की झाडं वाकूनच वाढतात. मी सरळ वाढले, म्हणून बाईची नजर माझ्यावर पडली. बाई म्हणजे माझी मालकीण. तेव्हा तिच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. तिने मला कापलं, सावलीत वाळवलं, काचेच्या तुकड्याने घासलं, जवसाचं तेल पाजलं आणि लोहाराकडून खाली लोखंडी टोक बसवून घेतलं. मी तिच्या खांद्याला लागत असे. बाई उंच होती, आणि उंच आहोत हे तिला चांगलं माहीत होतं.

तिच्या घराचा धंदा दगडांचा. पुढच्या खोलीत एक आडवं पिंप दिवसभर गरगरत असायचं. पोटात दगड, वाळू आणि पाणी. महिनाभर असं घुसळलं की दगड आरशासारखे व्हायचे. मग बारा कप्प्यांच्या खोक्यात बारा जातींचे दगड, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी, आणि खोकी निघायची शाळांना. तुमच्या शाळेच्या कपाटातही असं एखादं खोकं असेल. असलं तर त्यावरची धूळ झटका. त्यात माझा घाम आहे.

पिंप फिरवायचा नवरा. दगड आणायची बाई. लोकांना वाटतं, तलावाचा काठ म्हणजे दगडच दगड, वाका आणि उचला. वाका की. कंबर मोडेल आणि हाताला खडी लागेल. चांगला दगड काठभर पसरलेला नसतो. जिथे पाण्याचा जोर मोडतो, तिथेच जड दगड थकून बसतो. हे बाईला कुणी शिकवलं नाही. तीन वर्षं पाय झिजवून ती शिकली.

तिने चार जागा शोधल्या. पहिली ओढ्याच्या तोंडाशी. टेकडीच्या पोटातलं जे काही ओढा वाहून आणतो, ते तलावात शिरताना तिथेच टाकतो. दुसरी काठाच्या वाकणात, जिथे लाटा खडी निवडून वेगळी करतात, सुपात पाखडल्यासारखी. तिसरी टेकाडाच्या पलीकडे, वाऱ्याच्या तोंडावर. तिथे पट्ट्यापट्ट्यांचे दगड. आणि चौथी ढासळलेल्या दरडीखाली, जिथे उन्हाकडे धरला की आतून मधासारखा पेटणारा दगड मिळतो.

पण जागा माहीत असून भागत नाही. तलाव वर्षातून एकदा तुडुंब भरतो आणि मग सहा महिने हळूहळू उतरतो. पाणी जेवढं उतरेल तेवढा काठ उघडा पडतो. नुकती उघडी पडलेली हातभर पट्टी, तिच्यावरचा दगड अजून ओला, तेवढ्यातच त्याचा रंग दिसतो. आठ दिवसांनी त्याच दगडावर पांढरी साय धरते आणि हिरा काय, विटेचा तुकडा काय, सगळे सारखेच. शिवाय तोवर फिरायला येणारी माणसं दिसेल ते खिशात घालतात. म्हणून त्या-त्या जागी वेळेवर पोचणं हाच सगळा धंदा.

बाईला चार ओळी लिहायच्या म्हटलं की घाम फुटायचा. सुरी धरताना मात्र हात थरथरत नसे. जुन्या होडीच्या धक्क्यावर, पाण्यातल्या सगळ्यांत खालच्या पायरीवर ती मला उभी करायची. ज्या दिवशी जी जागा उघडी पडली, त्या दिवशी पाणी माझ्या अंगाला जिथे लागलं, तिथे तिने खूण पाडली. वरून खाली चार जागांच्या चार खुणा. दुखलं. पण मी हूं का चूं केलं नाही. पुढे दरवर्षी धक्क्यावर मला बुडवायचं आणि पाणी खुणेला टेकलं की निघायचं. एकदाही चुकलं नाही.

एकदा दगडांचा अभ्यास करणारे एक सर आले. पँटला इतके खिसे, की त्यांचे त्यांनाच सापडत नव्हते. नकाशा घेऊन तीन दिवस काठाने फिरले आणि पोतंभर कचरा घेऊन दाराशी आले. बाईने आधी त्यांना पाणी दिलं, मग अक्कल दिली. ऊन पाठीवर घेऊन नाही, तोंडावर घेऊन चालायचं, म्हणजे दगडातून उजेड आरपार येतो. सगळा काठ बघायचा नाही, एक पट्टी धरायची. जाताना माझ्यावरची दुसरी खूण दाखवून म्हणाली, परवा वाकणात जा. सर गेले आणि नाचत परत आले. मला दोन्ही हातांत धरून म्हणाले, बाई, हे तुमचं पुस्तक आहे. बाई ताठ मानेने म्हणाली, पुस्तकाला पाणी लागलं की ते फुगतं. तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं. पुरवावं लागलं, दुसरं कुणी केलं नाही.

मग वर्षं गेली. नवरा गेला, पिंप मुलाकडे आलं. सून आली. बाईचे गुडघे धरले. एका वर्षी बाई दोन महिने अंथरुणाला खिळली, आणि मी दारामागे दोन मोडक्या छत्र्यांच्या सोबतीला. छत्र्यांशी काय बोलणार? त्यांना पाऊस सोडून दुसरा विषय नाही.

बाई उठली तेव्हा पाठीतून वाकलेली होती. मला धरायची तर हात खांद्याच्याही वर जायचा. मुलाला ते बघवेना. आई दुपारी झोपली असताना त्याने मला मागच्या अंगणात नेलं, करवत लावली आणि खालून चार बोटं कापून टाकली. लोखंडी टोकासकट. कापलेल्या टोकावर रबरी टोपण बसवलं आणि आईला सांगितलं, घसरू नये म्हणून टोपण लावलंय, टोक आत आहे. प्रेमाने कापलं हो. पण मित्रांनो, करवतीला प्रेम कळत नाही.

बाईला मी एकदम हाताशी आले. तिला वाटलं, आपणच सरळ झालो. शेजारणींना सांगत सुटली, बघा, कंबर सरळ झाली, काठी पुन्हा खांद्याला लागते. शेजारणी तोंडावर हो म्हणायच्या आणि मुलगा खाली मान घालून पिंप फिरवायचा. आता खरं कोणत्या तोंडाने सांगणार?

त्याच वर्षी काठावर जायचं काम सुनेकडे आलं. बाईने तिला चारही जागा सांगितल्या, चारही खुणा दाखवल्या, चारही अशा आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला दाखवल्या, आणि मला तिच्या हातात दिलं. सुनेने सांगितलं तसंच केलं. मला पायरीवर उभं केलं, पाणी पहिल्या खुणेला टेकायची वाट बघितली आणि ओढ्याच्या तोंडाशी गेली. तिथे पांढरे, वाळलेले, हाताळून टाकलेले दगड. मी ओरडून सांगत होते, अगं, मी आखूड झालेय, माझ्या खुणा खाली सरकल्यात, खुणेपर्यंत पाणी उतरेस्तोवर दहा दिवस वाया जातात. पण लाकडाचा आवाज मोडल्याशिवाय येत नाही.

वाकणातही तेच. टेकाडापलीकडेही तेच. बाई रिकामी पिशवी बघायची आणि बोलायची, डोळे कुठे ठेवून जातेस? मी तुझ्या वयाची असताना आंधळ्यानेही पिशवी भरली असती. सून ऐकून घ्यायची. पण बाई एकटी असली की माझ्या खुणांवरून बोट फिरवत बसायची. पुन्हा पुन्हा मोजायची. ओढा, वाकण, टेकाड, दरड. ओढा, वाकण, टेकाड, दरड. मला कळत होतं तिला कशाची भीती वाटते ती. तिला वाटत होतं, गुडघ्यांमागोमाग आपलं डोकंही चाललं.

तिसऱ्या खेपेनंतर सुनेने पिशवी टेबलावर ठेवली. त्या हंगामाच्या खोक्यांत बारांपैकी तीन कप्पे रिकामेच होते. शहरातल्या लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम मिळतंय, तिथे मी सोमवारपासून जाते, असं ती नवऱ्याला म्हणाली. मग सासूकडे वळली.

“आई, जागा सांगायच्या नसतील तर सांगू नका. तुमच्या आहेत त्या. पण खोट्या सांगून मला काठाकाठाने फिरवू नका.”

एरवी या बाईला एक बोललं तर चार परत मिळत. त्या दिवशी तिने मला जवळ ओढलं आणि खुणा चाचपत बसली. जेवणही अर्धंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बूट घालून दारात उभी. मुलाला म्हणाली, खोकी न्यायची तीनचाकी काढ. मग त्या तीनचाकीत, खोक्यांच्या जागी बाई, मांडीवर मी, पुढे पेडल मारणारा मुलगा आणि मागून चालणारी सून, अशी आमची वरात धक्क्यावर गेली.

धक्क्याच्या भिंतीत होडी बांधायची एक लोखंडी कडी आहे, दगडात शिसं ओतून बसवलेली. बाईने चौथी खूण पाडली त्या दिवशी पाणी बरोबर त्या कडीला टेकलेलं होतं. तिला हे पक्कं आठवत होतं. आज पाणी कडीला टेकलं होतं. तिने मला पायरीवर उभं केलं. चौथी खूण पाण्याखाली गेली. चांगली खाली.

बाई कडीकडे बघे, माझ्याकडे बघे. तिने खूण पुन्हा चाचपली, पाण्यात हात घालून. मग कडी धरून हलवून बघितली. कडी कशाला हलते?

मग तिने मला बाहेर काढलं, उलटं केलं आणि रबरी टोपण ओढून काढलं. आत लोखंड नव्हतं. करवतीने कापलेलं पांढरं लाकूड होतं.

“हे कुणी केलं?”

मुलगा तीनचाकीवरून उतरला. “मी. चार बोटं कापली. तू वाकली होतीस, आई. तुला धरता येत नव्हती.”

“आणि मला सांगितलं का नाहीस?”

“तू सगळीकडे सांगत फिरत होतीस, कंबर सरळ झाली म्हणून. मला तोंड उघडवेना.”

मला वाटलं, आता मुलाला माझाच प्रसाद मिळणार. पण बाई पायरीवर बसली. मला मांडीवर आडवं घेतलं. आणि जी बाई आयुष्यात कुणापुढे नमली नव्हती, ती सुनेकडे न बघता म्हणाली,

“जागा मी खोट्या नाही सांगितल्या. उंची खोटी सांगितली. वाकलेय मी. खुणा चार बोटं वर धरायच्या.”

सून खाली तिच्याशेजारी बसली. थोडा विचार करून तिने विचारलं, “कुणाची चार बोटं?”

बाईने चमकून तिच्याकडे बघितलं. “हं. हे बरोबर विचारलंस.” मग मुलाला म्हणाली, “ये इकडे. तू कापलीस ना, तुझाच हात लाव.” मुलाने खुणेवर चार बोटं आडवी ठेवली. बाईने खिशातून सुरी काढली, लाकडाला लावली आणि थांबली. मग सुरीची मूठ सुनेकडे केली. “तू पाड. माझा हात थरथरतो आता.”

सुनेने खूण पाडली. दुखलं. पण या वेळी बरं वाटलं, काटा निघताना वाटतं तसं. मग तिने मला पुन्हा पायरीवर उभं केलं. पाणी नव्या खुणेला येऊन टेकलं, केसभरही इकडे-तिकडे नाही. बाईने सुनेला हाकलून दिलं. जा, पाणी काय तुझ्यासाठी थांबणार आहे?

दुपारी ती परत आली. पिशवीच्या पट्ट्याने खांद्यावर वळ उठला होता. बाईने पिशवीत डोकावलंसुद्धा नाही. सुनेचे बूट बघितले. घोट्यापर्यंत ओले होते, आणि चिखल दरडीचा तांबडा. “पोचलीस,” एवढंच म्हणाली. सोमवारी लॉन्ड्रीत कुणी गेलं नाही.

आता माझ्यावर आठ खुणा आहेत. पहिल्या तीनही सुनेने चार बोटं वर घेतल्या. चुकीच्या खुणा तासून टाकू का, असं तिने विचारलं होतं. बाई म्हणाली, राहू दे, मी सरळ होते तेव्हाच्या आहेत त्या. सकाळी मी सुनेबरोबर काठावर असते, दुपारी बाईबरोबर दारात. या वयात दोन पाळ्या. कुणाला दया नाही.

मित्रांनो, एक सांगते आणि गप्प होते, कारण थकलेय. घरातली जुनी वस्तू कापायची असेल तर कापा, रंगवायची असेल तर रंगवा, आमची हरकत कुणी विचारत नाही. पण करवत हातात घेण्याआधी, ती ज्याच्या हातात झिजली त्या माणसाला एकदा उठवून विचारा. तो झोपमोड झाली म्हणून ओरडेल. ओरडू दे. आणि त्याची उंची कमी झाली असेल, तर तेही त्याला सांगा, हळू आवाजात, शेजारीपाजारी नसताना. ऐकून घ्यायला जड जातं. पण त्याने आयुष्यभर शोधलेल्या जागा त्यावाचून पुढे कुणाला सापडत नाहीत.