शून्य मिठाचा महिना

मी एक जुने मूत्रपिंड आहे. उजवे. वय वर्षे चौऱ्याहत्तर, मुक्काम सदाशिव पेठ, निवृत्त गणित शिक्षक यज्ञेश्वर सरांच्या पाठीच्या कण्याशेजारी. दसऱ्याला लोक सुरी-कात्रीचीसुद्धा पूजा करतात. माझी आठवण मात्र सोनोग्राफीच्या दिवशीच निघते. असो. तक्रार करायला मला फुरसत नाही.

मित्रांनो, सर जन्मण्याच्याही आधी, आईच्या पोटातच मी कामाला लागले. शेजारी माझे डावे भावंड आहे. आम्ही दोघे मिळून रोज रक्तातून दीडशे लिटरांहून अधिक पाणी गाळतो आणि त्यातले जवळजवळ सगळे परत रक्तात सोडतो. बाहेर जाते जेमतेम दीड-दोन लिटर. मीठ किती ठेवायचे, पोटॅशियम किती सोडायचे, हे क्षणोक्षणी ठरवावे लागते. सरांनी लग्नाच्या पंगतीत पापड-लोणच्यावर ताव मारला, की मेंदू त्यांना तहान लावतो आणि मला निरोप धाडतो, 'पाणी धरून ठेव.' पाणी जास्त झाले की निरोप बंद. इतकी वर्षे सर उन्हातान्हात पर्वती चढले, घामाघूम झाले, एकादश्या केल्या, पण रक्तातल्या मिठाचे प्रमाण कधी ढळले नाही. या शरीराचे मला फार फार कौतुक वाटते.

गेल्या मार्चमध्ये सरांचा रक्तदाब वाढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मीठ कमी करा." सर घरी आले आणि पत्नीला, श्यामलाबाईंना म्हणाले, "कमी हा शब्द मोघम आहे. शून्य नेमकं असतं. उद्यापासून माझ्या पानात मीठ नको. भाजी-आमटीतही नको."

श्यामलाबाई पान वाढताना सगळ्यांत आधी चिमूटभर मीठ वाढतात. सरांच्या ताटातली ती जागा आता रिकामी राहू लागली. त्यात पर्वतीवर फिरायला येणाऱ्या मंडळींनी भर घातली, "सर, रोज पाच लिटर पाणी प्या, सगळं साफ होतं." सर तहान नसतानाही मापाने मोजून पाच लिटर पिऊ लागले.

तिथे माझे हात बांधले गेले. नुसते पाणी मला बाहेर टाकता येत नाही. त्याच्यासोबत थोडे क्षार द्यावेच लागतात. द्यायला पुरेसे उरले नाहीत, तसे पाणी आतच साठत गेले. महिनाभरात सरांचे पाय लटपटू लागले, जेवण नकोसे झाले. घरच्यांना वाटले ऊन लागले. "आणखी पाणी प्या," असे ज्याने त्याने सुचवले. मला धडकी भरली, पण माझे ऐकणार कोण?

एका दुपारी नात अवनी गृहपाठ घेऊन आली. "आजोबा, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज किती?"

सरांनी तिला हात जोडले. मग अदबीने म्हणाले, "आपण कोण?"

अवनी रडतच वडिलांकडे, केदारकडे धावली. केदारने सरांना तडक रुग्णालयात नेले. रक्तातले सोडियम एकशे पस्तीसच्या खाली जाऊ नये. सरांचे एकशे बारावर आले होते. साठलेल्या पाण्याने मेंदूला सूज आली होती. तिथे खारे पाणी शिरेतून अगदी सावकाश दिले, कारण अशा वेळी घाई केली तर मेंदूलाच इजा होते. पिण्याचे पाणीही मोजके केले. हाताशी मीठ आले आणि आम्ही दोघे भावंडे साठलेले पाणी बाहेर काढायला लागलो. या वयात असे काम आमच्याने होईल, असे मलाही वाटले नव्हते.

तिसऱ्या सकाळी सरांनी डोळे उघडले. उशाशी नात बसली होती.

"एकशे ऐंशी अंश," ते म्हणाले. "एवढं विसरतात का, अवनी?"

मित्रांनो, तहान लागली की पाणी प्या, उन्हात घाम गाळलात तर जास्त प्या. मीठ बेताने खा. घरात कोणाला पथ्य सांगितले असेल, तर 'कमी म्हणजे किती?' हे डॉक्टरांनाच विचारा. टेकडीवरच्या मंडळींना नको. आम्ही पुष्कळ सांभाळून घेतो, पण आम्हालाही मर्यादा आहेत.

सर घरी आले त्या दुपारी श्यामलाबाईंनी पान मांडले आणि सगळ्यांत आधी चिमूटभर मीठ वाढले.

"अगं, डॉक्टरांनी कमी..." सर म्हणाले.

"कमीच वाढलंय. विचारून आलेय मी. शून्य तुमच्या फळ्यावर ठेवा. जेवा आता."

सर जेवले. संध्याकाळपर्यंत ती चिमूट माझ्यापाशी पोचली. चौऱ्याहत्तर वर्षांत मला इतका मान कोणी दिला नव्हता.