तिसऱ्या बोकडाचा गुर्दा

मी हिरा. वलवणच्या प्रयोगशाळेत डब्या-स्लाइडी सांभाळते. माणूस बघितलं की वळखते, असं मला तवा वाटायचं.

प्रेरणा मॅडमची पीएचडी गुर्द्यांवर. उंदीर, ससा, बोकड, म्हैस, ह्यांच्या गुर्द्यात आम्ल लघवीत ढकलणारे बारके प्रोटॉन पंप कुटं कुटं बसलेत, ते रंग लावून ताडून बघायचं. हरेक जातीची तीन जनावरं. बोकडाचे गुर्दे मीच गोरखभाऊच्या मटणाच्या दुकानातनं आणलेले.

सोमवारी मॅडमच्या गाईड सरांनी फोटो टेबलावर आपटले. बोकड दोन आणि बोकड तीन हुबेहूब. पंप तेवढेच विरळ, त्याच जागी. "एकाच गुर्द्याचे काप दोनदा दाखवलेस. शुक्रवारपर्यंत खुलासा दे, नाहीतर नोंदणी रद्द." मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. चार वर्षं घातलीत बाईनं.

माझ्या डोक्यात सत्यम आला. त्यो बी पीएचडीवाला, मॅडमच्या शेजारी बसतो, काम बी तसलंच, आन् मॅडम पुढं गेलेल्या. फ्रीजपाशी घुटमळायचा. मी दिसले की, "हिराताई, चहा झाला का?" एवढं गोड बोलणारा मला जन्मात पचला न्हाई. हितंच पाणी मुरतंय म्हणलं. बुधवारी सरांच्या कानावर घातलं, डब्या ह्यानंच बदलल्या. सरांनी तिथल्या तिथं त्याची चावी काढून घेतली. मला लय बरं वाटलं.

साक्षीला भाऊचा शब्द असावा म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. तीन बोकडांचे गुर्दे दिलते ना, विचारलं.

"तीन कुटं? मार्गशीर्षातला गुरुवार व्हता, गिऱ्हाईकच न्हाई. दोनच कापलेले. तू तीन गुर्दे मागितले. एकाची जोडी दिली, दुसऱ्याचा एक."

येगयेगळ्या बोकडांचे पायजेत, हे मी सांगितलंच नव्हतं. डब्यांवर एक, दोन, तीन मीच लिवलेलं.

तशीच सरांकडं गेले. चूक माझी म्हणलं, सत्यमवर मी उगाच आळ घेतला, मला कामावरनं काढा. बोलता बोलता रडू फुटलं.

सरांनी मान वर केली न्हाई. "प्रेरणानं पढवून पाठवलंय ना?"

"गोरखभाऊला इचारा."

"तो तुझ्याच ओळखीचा."

काल ह्याच टेबलापाशी मी बिनपुराव्याचं बोलले, तवा त्यांनी एक प्रश्न विचारला नव्हता.