समोरून आणि बाजूने

एकूण फाइली ४१,२१६. पत्ता असलेल्या ३८,९०४. पत्ता नसलेल्या २,३१२.

रुग्णालयाचे फोटो नव्या यंत्रणेत हलवायला आलेल्या तिने प्रोग्राम लावून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

"म्हणजे काकांनी घोळ घातलाच," दारातून अधीक्षक म्हणाले. "पाचला त्यांचं खातं बंद होतंय. बिनपत्त्याचे फोटो नव्या यंत्रणेत घ्यायचे नाहीत, सोडून द्या."

काका तिथेच स्टुलावर बसले होते. एकतीस वर्षं या रुग्णालयाचे एक्स-रे काढून आज निवृत्त होत होते. अधीक्षकांची पावलं जिन्यावर वाजली, तसे ते बोलले.

"एक फोटो कधी भलत्या खणात गेला नाही, पोरी. आणि जाता जाता हे बालंट!"

"आकडा खरा आहे, काका. चूक तुमची आहे, असं तो कुठे म्हणतोय?"

आता वाजले होते सव्वादोन. काकांच्या फाइलींची नावं दोनच: 'समोरून' आणि 'बाजूने'. फोटो कोणाचा, ते फोल्डर सांगायचं: वर्ष, वॉर्ड, रुग्णाचा क्रमांक. हाच फाइलीचा पत्ता. पत्ता गेला की नुसती छाती उरायची, माणूस नाही.

फोटो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, काकांच्या खात्यात होते. त्या साठ्याची एपीआय म्हणजे एक खिडकी. तिचा प्रोग्राम तिथून प्रत्येक फाइलीचं नाव, तारीख, पत्ता मागायचा. या फाइलींबाबत नाव यायचं, तारीख यायची, पत्त्याचा रकानाच यायचा नाही. चूक झाल्याचा निरोपही नाही. तिने तारखा तपासल्या. सगळ्या वर्षांतल्या होत्या. आकारही लहानमोठे. मग त्यातली एक फाइल काकांच्या खात्यातून उघडली. पत्ता होता.

"काका, फाइल तीच. तुम्हाला पत्ता दिसतो, प्रोग्रामला नाही. हे कोणत्या वॉर्डातले फोटो?"

"छातीच्या. क्षयाचे रुग्ण. त्यांचं फोल्डर, म्हणजे कपाटच, मी वेगळं ठेवतो, कुलपात. इथल्या शिपायाचा शेजारी त्यात निघाला, तर गल्लीभर होतं. एका पोरीचं लग्न मोडलंय तसं. जो डॉक्टर मागेल त्याला तेवढाच फोटो. कपाट कोणाला दाखवायचं नाही."

"मागच्या आठवड्यात प्रोग्रामला फोटो द्यायला सांगितले, तेव्हा?"

"एकेक करून दिले. चार दिवस मान मोडून बसलो होतो."

ती हसली. "म्हणून! फोटो त्याच्या हातात दिलात, पण कपाट बघायची परवानगी नाही. मग कुठल्या खणातला, हे खिडकी त्याला सांगतच नाही. चूक खिडकीची नाही, तुमचीही नाही. पण ताडून बघू. एक खण उघडा."

काकांनी चौदा फोटोंचं एक फोल्डर उघडून दिलं. तिने पुन्हा मोजलं. २,२९८.

"बरोबर चौदा कमी," ती म्हणाली. "आता पूर्ण कपाट."

काकांनी माउसवरचा हात काढून घेतला. "हे नको सांगूस."

"फक्त बघायची परवानगी, तीही फक्त प्रोग्रामला. पत्ते वाचून झाले की लगेच काढून घ्या. नव्या यंत्रणेतलं कुलूप मी आत्ताच लावलंय, बघा."

त्यांनी चष्मा चढवून ते कुलूप दोनदा वाचलं.

"तुझ्या त्या प्रोग्रामला तोंड आहे का?"

"नाही."

"मग इथल्या बऱ्याच जणांपेक्षा बरा." त्यांनी कपाट उघडून दिलं.

मोजणी सुरू झाली तोच नर्स आत डोकावली. "काका, मनगट आलंय. पडलीय बिचारी. दुसऱ्या कोणाला बोलावू का? तुमचा आज..."

"पाच वाजलेत का?" काका उठले. "चला आजी, हात इथे. दुखेल थोडं. हलायचं नाही हं."

पलीकडून दोनदा खटका ऐकू आला. काका परतले, शेजारच्या संगणकावर बसले, नवं फोल्डर केलं: वर्ष, वॉर्ड, क्रमांक. दोन नावं एका बोटाने टाइप केली. मग पत्ते वाचून झाल्याचं तिने सांगताच छातीच्या कपाटाची परवानगी काढून घेतली आणि कुलूप लागलं का, तेही पाहिलं.

अधीक्षक दारात येऊन उभे राहिले. तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

वेळ ४.५२. एकूण फाइली ४१,२१८. पत्ता असलेल्या ४१,२१८. पत्ता नसलेल्या ०.