उलट्या नावाचा टोप

मी टोप बोलतोय. पुणेकर मला पातेलं म्हणतील, बिअर करणारा विक्रम केटल म्हणतो. म्हणा बापडे. मला सहसा काही लागत नाही, आचही नाही आणि शब्दही नाही.

इथे परदेशात, आयसेलिन गावातल्या देशी दुकानात सिद्धेशने मला उचललं, तेव्हा त्याची बायको आश्लेषा म्हणाली, "आधी नाव घालून घे. मंडळाच्या गणपतीत सगळ्यांचे टोप सारखेच दिसतात. नाव असलं की भांडं घरी परत येतं."

दुकानदाराने मला मांडीवर पालथा घेतला आणि मशीनने माझ्या बाजूवर 'आश्लेषा' अशी अंगठ्याएवढी अक्षरं कोरली. सुलटा करून बघतात तर नाव बुडाशी, आणि तेही उलटं. सिद्धेश वैतागला. आश्लेषा मात्र हसत सुटली. "राहू दे रे. घासून पालथा घातला की दिसेन मी सरळ."

पुढची काही वर्षं बरी गेली. मसालेभात, वरण, एकदा तर अख्ख्या मंडळाची खीर. दर वेळी कुणीतरी मान वाकडी करून नाव वाचायचं आणि मला घरी पोचवायचं.

मग सिद्धेशला घरी बिअर करायची हुक्की आली. हौसेला मोल नाही. ऑफिसातला त्याचा मित्र विक्रम, नागपूरचा, त्याला हा नाद होता. तो म्हणाला, टोपाला भोकं पाड, विजेची कॉइल बसव, जवाचं पाणी त्यातच उकळ, खाली तोटी लाव. झालं. रोज जेवताना फिटिंगची चर्चा. तोटी पितळेची की स्टीलची, वेल्ड करायची की नुसत्या वॉशरवर कसायची. शेवटी आश्लेषाने पोळ्या लाटता लाटता निकाल दिला. "जे खोलून घासता येत नाही, ते माझ्या टोपाला लागायचं नाही. आणि माझं नाव शाबूत ठेवा."

वेल्डिंग कॅन्सल केलं. तीन तुकड्यांत सुटणारी स्टीलची तोटी ऑर्डर केली.

फिटिंगचं खोकं आलं तेव्हा आश्लेषा हॉस्पिटलमध्ये होती. ती परत आली नाही.

मी गॅरेजमध्ये उताणा पडून राहिलो, शेजारी ते न उघडलेलं खोकं. सिद्धेश गाडी काढायचा, गाडी लावायचा. आतून मायक्रोवेव्हचा आवाज यायचा. रडताना मी त्याला ऐकलं नाही. मलाही काही वाटत नव्हतं. तिचं नाव तो घेत नसे, फोनवर नुसतं "ती गेल्यापासून" म्हणायचा.

२००७च्या उन्हाळ्यात विक्रम ड्रिल घेऊन आला. "यार, असा किती दिवस बसशील? करून टाकू."

"कर."

"तोटी कुठे घ्यायची?"

"कुठेही."

माझ्या बुडाशी विक्रमला फक्त घासणीचे ओरखडे दिसले. वर धूळ, त्यात नाव उलटं. त्याने तिथेच ड्रिल टेकवलं. सिद्धेशने मला दोन्ही हातांनी धरलं होतं. तो बघत होता, पण त्याला दिसत नव्हतं. "थांब" म्हणाला तोवर 'आ' गेला होता.

विक्रमने मान वाकडी करून उरलेलं वाचलं. त्याचा चेहरा उतरला. "सॉरी रे. मला वाटलं, ओरखडे आहेत."

"असू दे," सिद्धेश म्हणाला.

त्या भोकात थर्मामीटर बसलं. तोटी आणि कॉइल दुसऱ्या बाजूला गेली. जवाचं पाणी उकळलं, गार झालं, आंबवायला मोठ्या बरणीत गेलं. विक्रम ती घेऊन घरी गेला.

सिद्धेशने मग एकेक फिटिंग खोललं. तोटीचे तिन्ही तुकडे घासले, वॉशर घासले. मला घासून घरामागच्या लाकडी डेकवर पालथा घातला आणि तिथेच उभा राहिला. नाव त्याच्यासमोर सरळ होतं. त्याने भोकावरून बोट फिरवलं.

"श्लेषा," त्याने वाचलं. मग म्हणाला, "आश्लेषा." पुन्हा म्हणाला. मग खाली बसून, माझ्यावर डोकं टेकून तो रडला. मला ते लागलं, बुडापासून काठापर्यंत.

आता मी मंडळात जात नाही. भोकं पडलेल्या टोपात मसालेभात कोण शिजवणार? घरी परत यायला मला नावाची गरज राहिली नाही. पण एवढं करा. काम झालं की फिटिंग खोला, घासा आणि मला पालथा घाला. पहिलं अक्षर माझ्याजवळ नाही. ते कुणीतरी तोंडानेच म्हणावं लागतं.