हातभर राहिलंय

"साइमीला जरा बोलवा ना, ताउनो. सही तिची लागेल," असं म्हणत मेरवीने पाठीवरची पिशवी उतरवली आणि खोपटाच्या दाराजवळच्या काळ्या बाकावर टेकली.

ताउनो चुलीतली राख डब्यात भरत होता. डबा खाली ठेवून तो म्हणाला, "एप्रिलमध्ये वारली ती."

मेरवी वनखात्यात होती. दर उन्हाळ्यात एकदा दलदल तुडवत ती या रोवा ओढ्यावर यायची, त्यांनी खणलेला खड्डा बघायची, ताउनोच्या बायकोच्या, साइमीच्या हातची कॉफी प्यायची आणि जायची. उघडलेलं पेन तिने तसंच हातात धरून ठेवलं.

"मला कोणी कळवलं नाही हो."

"कोणाला काय कळवायचं असतं ते तिलाच ठाऊक. कागदपत्रं सगळी तीच बघायची."

"काय झालं होतं?"

"पोटात होतं काहीतरी. उशिरा कळलं."

मेरवीने पेनाला टोपण लावलं. मग जे नियमात होतं ते तिला सांगावंच लागलं. सोनं शोधायचा परवाना साइमीच्या एकटीच्या नावावर होता. ताउनो त्यावर नुसता मदतनीस. परवानेवालीच नाही म्हटल्यावर मदतनीस कुठला? आणि नवा अर्ज करावा तर या ओढ्यावरचे नवे अर्ज सध्या कोणी घेत नव्हतं. रेनडिअर पाळणाऱ्यांनी हरकत घेतली होती, प्रकरण कोर्टात पडून होतं.

"मग आता?"

"आता आवरायचं. खड्डा बुजवायचा, खोपटं उतरवायचं, सामान बाहेर न्यायचं. इथे माणूस राहत होता असं दिसता कामा नये. बर्फ पडायच्या आत."

"आणि खणायचं?"

"खणायचं नाही. एक फावडंसुद्धा नाही. नुसतं भरायचं."

"तळाला हातभर राहिलंय गं," ताउनो म्हणाला. "साइमी म्हणायची, सोनं साचतं ते खडकावर, तो खालचा खडक बघितल्याशिवाय हा खड्डा मी कोणाला बुजवू द्यायची नाही. तेवढं बघतो, मग भरतो."

"मला असलं ऐकवू नका, ताउनो. ऐकलं की लिहावं लागतं."

तिने स्वतःच कॉफी ओतून घेतली. इकडच्या रीतीने साइमी घालायची तसे चीजचे तुकडे त्यात घालायचं ताउनोला सुचलं नाही आणि तिनेही मागितले नाहीत. उठताना तिने बाकावरून हात फिरवला.

"लाकूड मात्र चांगलंय. कुठलं?"

"पुरात वाहत आलेलं. साइमीला ओढ्यात सापडलं."

ती गेली. दलदलीतल्या फळ्यांवर तिच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

ताउनोला सोन्याचं वेड कधीच नव्हतं. दक्षिणेला केमी गावच्या कागद गिरणीत त्याचा जन्म गेला. गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचा तो बसूनच राहायचा. समोर पार्किंगची जागा, तिच्यावर बर्फ. साइमी शाळेच्या मुदपाकखान्यात कामाला होती. ती सकाळी जाताना तो जसा बसलेला असे तसाच ती परत आल्यावर असे. त्या वसंतात एके दिवशी ती लोखंडी थाळी आणि दोन फावडी घेऊन घरी आली. म्हणाली, मी परवाना काढलाय, उन्हाळ्यात उत्तरेला सोनं शोधायला जायचं. मैत्रिणी हसल्या. ताउनोला वाटलं, या वयात बायकोला खूळ लागलं. पण एकटीला कसं सोडायचं? म्हणून तो गेला. आणि मग दर उन्हाळ्यात जात राहिला.

गाडी वनखात्याच्या अडसरापर्यंतच न्यायची मुभा होती. तिथून पुढे दलदल, तिच्यावर टाकलेल्या फळ्या, मग पाइनचं रान, मग ओढा. सगळं पाठीवर. यंत्र चालवायचं नाही, पंपही हाताचाच. जाताना डासांना आणि येताना पाठीला शिव्या घालत त्याने ही वाट तुडवली. खड्ड्यात मात्र तो कधी उतरला नाही. त्याचे गुडघे गिरणीतच गेले होते आणि खाली जागा एकाच माणसापुरती. साइमी खाली, तो वर. ती बादली भरायची, तो दोरीने ओढायचा, लाकडी पन्हळीत ओतायचा, पाणी सोडायचा. माती वाहून जायची, जड ते खाली राहायचं. कधी दोन कण, कधी काही नाही. इतक्या वर्षांत औषधाची एक बाटली अर्धीसुद्धा भरली नव्हती. वसंतात बर्फ वितळून ओढ्याला लोंढा आला की खड्डा वाळूने भरून जायचा आणि उन्हाळा अर्धा तो पुन्हा उपसण्यात जायचा. ऑगस्ट संपत आला की साइमी खालून ओरडायची, "यंदा हातभर राहिलं रे!"

"मागच्या वर्षीही हातभरच होतं."

"हात माझा आहे, तुझा नाही. वर ओढ!"

सप्टेंबर लागला. बर्च पिवळे झाले. ताउनोने छपराचे पत्रे काढले, भिंतीच्या फळ्या सुट्या केल्या, खिळे वेचून डब्यात टाकले. पहाटे पाठीवर घेऊन निघायचा, अडसरापाशी गाडीत टाकून परत यायचा. झोपायला तंबू लावला. यंदाचा लोंढा खड्ड्यापर्यंत पोचलाच नव्हता, तळ गेल्या ऑगस्टमध्ये सोडला तसाच होता, पण त्याला त्याने हात लावला नव्हता. रोज त्याच्या काठाशी उभा राहून खाली साचलेलं पाणी बघायचा.

आस्लाक आला तेव्हा तो खिळेच वेचत होता. आस्लाकचे रेनडिअर या डोंगरावर चरायचे, त्याच्या बापजाद्यांचेही इथेच चरले होते. हरकत घेणाऱ्यांत पहिली सही त्याची.

"काय सोनारा, गाशा गुंडाळतोयस?"

"तुझ्या मनासारखं झालं ना? आता उभा राहून बघ."

"सही केली ती केली. खोटं कशाला बोलू? माझ्या दोन पिल्लांचे पाय मोडलेत असल्या खड्ड्यांत. तुमच्या नाही, पण मोडलेत." त्याने कमरेचा सुरा काढून सुक्या मांसाचा तुकडा कापला आणि ताउनोपुढे धरला. "खा. वाळलायस अगदी."

दोघे बाकावर बसून चावत राहिले.

"साइमीचं कळलं," आस्लाक म्हणाला. "यंदा फोन आला नाही तेव्हाच मनात आलं होतं."

"कसला फोन?"

"दर मे महिन्यात करायची की. बर्फ वितळला का, वाट मोकळी झाली का. मी म्हणायचो, एवढी काय घाई आहे बाई, सोनं काय पळून जातंय? तर म्हणायची, सोन्याचं राहू दे, हा माणूस तिकडे आल्याशिवाय तोंड उघडत नाही. वर्षभराच्या शिव्या तिकडे येऊन घालतो, म्हणायची."

ताउनोला हसू आलं. "मी? अरे, खूळ तिला होतं. मी आपला हमाल."

"असशील. मला काय ठाऊक. तो खड्डा तेवढा लवकर बुजव. थंडी पडली की कळप खाली उतरेल."

आस्लाक गेल्यावर ताउनो काठाशी जाऊन उभा राहिला. नुसतं भरायचं, मेरवी म्हणाली होती. पण भरायचं म्हणजे जे बघण्यासाठी ती इतकी वर्षं कमरेइतक्या गार पाण्यात उभी राहिली ते न बघताच तिच्या तोंडावर माती टाकण्यासारखं होतं. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ती फारसं बोलत नव्हती. एकदाच म्हणाली होती, "तू जा हं उन्हाळ्यात. चुकवू नकोस." त्याने मान डोलावली होती. खडक बघायचा राहिलाय, त्याबद्दलच ती म्हणतेय, असं त्याला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हातपंपाने पाणी उपसलं, शिडी सोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा खड्ड्यात उतरला. एकेका पायरीवर गुडघे कुरकुरत होते. खाली ओल्या मातीचा वास होता आणि वर बघितलं तर आभाळाचा एवढासा चौकोन. इथून तिला मी केवढा दिसत असेन, त्याच्या मनात आलं.

तो बादली भरायचा, वर चढायचा, ओढायचा, रिकामी करायचा, पुन्हा उतरायचा. वाळू सुटी होती, फावडं लोण्यात शिरावं तसं शिरत होतं. साइमी नेहमी म्हणायची, आपलं नशीब थोर, जमीन किती मऊ मिळालीय बघ. दुपार व्हायच्या आत फावडं लाकडावर आपटलं.

त्याला वाटलं मूळ असेल. हाताने वाळू बाजूला केली. मूळ नव्हतं. तासलेली फळी होती, काळी पडलेली. तिच्या शेजारी दुसरी, तिच्याही शेजारी आणखी. टोकांना चौकोनी खाचा, एकीत दुसरी बसवलेली. माती ढासळू नये म्हणून कोणीतरी कधीकाळी लावलेला आधार. त्या फळ्यांच्या आतली वाळू त्याने उपसली, तर हातभर खाली खडक होता. उघडा, घासून पुसून ठेवल्यासारखा. त्याच्या सगळ्या फटी पहारीने पोखरून साफ केलेल्या.

ताउनो त्या फटींवरून बोटं फिरवत राहिला. त्याच्या आजोबांच्याही आधी कोणीतरी येऊन हे सगळं काढून नेलं होतं, आणि खड्डा आपोआप वाळूने भरला होता. म्हणून जमीन मऊ होती. साइमी इतकी वर्षं दुसऱ्याचा रिकामा खड्डा उपसत होती.

बिचारीला कळलं नाही ते बरंच झालं, असं मनाशी म्हणून तो उठायला गेला तेव्हा आधारासाठी त्याने फळ्यांच्या रांगेवर हात टेकला, आणि हात मागच्या मातीत गेला. तिथे फळी नव्हती. रांगेतली तेवढी एकच गायब होती. शेजारच्या फळीचं टोक करवतीने कापलेलं होतं, आणि तो काप बाकीच्या लाकडासारखा काळा नव्हता.

तो वर चढला. बाकापाशी आला. गुडघे टेकून त्याने बाकाच्या खालच्या बाजूला हात घातला. टोकाला चौकोनी खाच होती.

त्या बाकावर तो चार-पाच उन्हाळे तरी बसला होता. तिथे बसून बूट घातले होते, मासे साफ केले होते, डासांना शिव्या घातल्या होत्या आणि "आणखी किती वर्षं खणणार आहेस?" असं तिला विचारलं होतं. आणि ती ओले केस पुसत म्हणाली होती, "हातभर राहिलंय."

त्या संध्याकाळी त्याने चूल पेटवली नाही. खड्डा रिकामा आहे हे तिला तेव्हापासून ठाऊक होतं. तो तिच्यासाठी येत होता. ती कशासाठी येत होती, हे विचारायला आता कोणी उरलं नव्हतं. रागावावं तर कोणावर, तेही कळेना. फोन खिशात होता, पण ज्या एका माणसाला हे सांगायला हवं होतं ती केमीच्या दफनभूमीत होती.

सकाळी त्याने बाकाचे पाय काढले. फळी दोरीला बांधून खाली सोडली, पाठोपाठ उतरला, आणि जिथली होती तिथे ती बसवली. बसली. मुठीने ठोकूनसुद्धा बघावं लागलं नाही. मग वर येऊन त्याने भरायला सुरुवात केली.

काठावरचा ढीग मोठा वाटत होता, पण तो सगळा दगडांचा होता. माती कधीच पन्हळीतून ओढ्याने नेली होती. तो दगड टाकत गेला, मोठे आधी, लहान नंतर. पाठ धरायची तेव्हा जमिनीवरच बसायचा, आणि बसताना दर वेळी त्याची नजर दाराजवळच्या जागेकडे जायची. तिथे दारही नव्हतं आणि बाकही नव्हता. महिनाअखेरीला माती गोठून कडक झाली, फावडं टणटण वाजायला लागलं. ढीग संपला.

मेरवी आली त्या दिवशी सकाळपासून बर्फ भुरभुरत होता. आस्लाकही तिच्याबरोबर आला होता, खांद्यावर बारीक वासे घेऊन. तिघे काठाशी उभे राहिले.

"माती कमी पडली," ताउनो म्हणाला.

"सगळ्यांचीच पडते," मेरवी म्हणाली. "बाहेरून आणता येणार नाही. वसंतात काठ उतरते करून ओढून घ्यावे लागतील." तिने इकडेतिकडे बघितलं. "बाक नेलात वाटतं?"

"ठेवला जागेवर."

तिला कळलं नाही, पण तिने विचारलं नाही. "खाली खडक लागला का?" असंही तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं.

आस्लाकने वासे ठोकून खड्ड्याभोवती कुंपण घातलं. त्याला पिवळी दोरी बांधता बांधता तो म्हणाला, "मे महिन्यात फोन कर, सोनारा. बर्फ वितळला की सांगतो."

"परवाना नाही माझ्याकडे."

"भरायला कुठे लागतो?"

ताउनोने शेवटचं ओझं पाठीवर घेतलं, त्यावर साइमीचं फावडं आडवं बांधलं आणि फळ्यांच्या वाटेला लागला. मागे आस्लाक दोरीची गाठ आवळत होता. खड्डा अजून कमरेइतका भरायचा राहिला होता.